वर्षअखेरची झडती एकेकट्याची की साऱ्या मंडळीची?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नववर्षाच्या पहिल्या दिवशी वृत्तपत्रांत कोल्हापूरची जी छायाचित्रे येतात ती बहुधा ठरलेली असतात. रंकाळ्यावरची गर्दी, मटणाच्या दुकानांपुढच्या रांगा, पन्हाळ्याच्या वाटेवरची पोलिसांची नाकाबंदी आणि आतल्या पानावर रोषणाई केलेले एखादे चर्च. ‘ख्रिस्ती बांधवांनी नववर्षाचे उत्साहात स्वागत केले’ ही त्या शेवटच्या छायाचित्राखालची ओळही ठरलेलीच. तीत खोटे काही नाही आणि आमची दखल घेतली जाते याचा आनंदच आहे. परंतु त्या रात्री चर्चच्या आत जे चालते ते स्वागतापेक्षा हिशेबाच्या अधिक जवळचे असते. हा हिशेब अलीकडे अर्धवट राहू लागला आहे असे मला वाटते, आणि त्याविषयीच हे पत्र आहे. माझे म्हणणे मुख्यतः माझ्याच समाजाला उद्देशून आहे. ते चर्चच्या चार भिंतींत न मांडता आपल्या वृत्तपत्रातून का मांडतो, याचे कारण पुढे ओघात येईल.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. १ जानेवारी हे ‘ख्रिश्चनांचे नववर्ष’ आहे असे समजून त्यावर दरवर्षी वाद घातला जातो. ख्रिस्ती उपासनेचे वर्ष नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. १ जानेवारी हा नाताळापासूनचा आठवा दिवस, म्हणजे बाळ येशूची सुंता होऊन त्याचे नाव ठेवले गेले तो दिवस. त्याचे जुने धार्मिक स्थान एवढेच. खुद्द इंग्लंडात १७५१ सालापर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. आमच्या घरांतही भिंतीवरचे कॅलेंडर बदलते तेव्हा वर्ष बदलते, जसे ते सरकारी कचेरीत आणि साखर कारखान्यात बदलते, आणि पाडव्याला शेजारघरून आलेली श्रीखंडाची वाटी आम्हीही तितक्याच आवडीने संपवतो. त्यामुळे या तारखेचा अभिमान धरण्याचे कारण आम्हाला नाही आणि तिचा राग धरण्याचे कारण इतरांनाही नसावे.

तारीख धार्मिक नसली तरी तिच्या आदल्या रात्री जमण्याची प्रथा मात्र जुनी आणि धार्मिकच आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री शहरातील बहुतेक मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद-समुदाय, दहाच्या सुमारास एकत्र येतात. शाली-स्वेटरांत गुरफटलेली वडीलधारी माणसे पुढच्या बाकांवर असतात, लहान मुले आयांच्या मांडीवर झोपलेली असतात, पेटी-तबल्याच्या साथीवर गीते होतात, वचनाचे वाचन होते आणि मग साक्षींची वेळ येते. ज्याला वाटेल तो उभा राहून सरत्या वर्षात देवाने आपल्याला कसे सांभाळले हे सांगतो. त्या वर्षी प्रभूमध्ये निद्रिस्त झालेल्यांची नावे वाचली जातात. बाराला पाच-दहा मिनिटे उरली की सगळे गुडघे टेकतात किंवा माना लववून बसतात. तेवढ्या वेळात प्रत्येकाने मनातल्या मनात वर्षाची झडती घ्यावी, पापांगीकार करावा आणि घंटा झाली की पुढचे वर्ष देवाच्या हाती सोपवावे असा प्रघात आहे. त्यानंतर हस्तांदोलने, केक, चहा, आणि सकाळी पुन्हा नववर्षाची उपासना व प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. काही मंडळ्यांत पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, अभिवचनांच्या चिठ्ठ्या ठेवतात आणि प्रत्येक जण एक उचलून ती वर्षभर शास्त्राच्या पानांत जपतो. या चिठ्ठ्यांत सांत्वनाची आणि भरभराटीची वचने भरपूर असतात. त्याच शास्त्रात लावदिकीया नगरातील मंडळीला ‘तू कोमट आहेस’ म्हणून जे सुनावले गेले, ते मात्र कुणाच्या चिठ्ठीत आल्याचे ऐकिवात नाही.

२०२० च्या अखेरीस राज्यातील महानगरपालिका क्षेत्रांत रात्री अकरापासून संचारबंदी होती, तेव्हा ही मध्यरात्रीची उपासना कुणी संध्याकाळीच उरकली, कुणी मोबाईलच्या पडद्यावर घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी मृतांच्या नावांची यादी वाचायला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. त्या दोन वर्षांत साऱ्या मंडळीला एकत्रितपणे काही विचारायला हवे होते. आजारी घरांपर्यंत कोण पोहोचले, कोणत्या घरी कुणीच गेले नाही, दफनाला चार माणसे मिळाली नाहीत अशी वेळ कुणावर आली का, हे प्रश्न प्रत्येकाने आपापल्या मनात विचारले असतील. मंडळी म्हणून ते विचारले गेले नाहीत, आणि मला खटकते ते हेच.

ही प्रथा आमच्यापर्यंत आली कशी हे पाहिले, तर ती एकेकट्याच्या मनापुरती कधीच नव्हती असे दिसते. कोल्हापुरातील प्रोटेस्टंट मंडळीचा आरंभ रॉयल गूल्ड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यापासून, १८५२ साली झाला. १८७० साली हे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियनांच्या बोर्डाकडे गेले, आणि पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या परंपरांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात आपल्याकडील मंडळ्या सामील झाल्या. त्या सहांपैकी एक परंपरा ब्रिटिश मेथॉडिस्टांची होती. त्यांचा संस्थापक जॉन वेस्ली याने ही जागरणाची उपासना १७४० च्या सुमारास मोराव्हियन ख्रिस्ती लोकांचे पाहून उचलली आणि ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील कोळसा खाणीच्या कामगारांत रुजवली. हे कामगार पूर्वी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवीत. श्रद्धा धरल्यावर त्यांनी त्याच रात्री एकत्र जमून प्रार्थना करायला सुरुवात केली. वेस्लीने ती उपासना महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या आसपास ठेवली, कारण परतताना त्यांना चांदण्यात वाट दिसावी. ‘थर्टी फर्स्ट’च्या रात्री आमच्याच तरुणांपैकी निम्मे कुठे असतात हे ज्या पालकांना ठाऊक आहे, त्यांना यातले मर्म उलगडून सांगायला नको.

याच वेस्लीने ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमध्ये कराराच्या नूतनीकरणाची उपासना घेतली. सुमारे अठराशे माणसे एकाच वेळी उभी राहिली आणि आपण देवाशी केलेला करार पुन्हा मान्य करतो असे सर्वांनी मिळून सांगितले. मेथॉडिस्ट मंडळ्यांत ही उपासना पुढे नववर्षाच्या पहिल्या रविवारी होऊ लागली. तिच्यातील प्रार्थनेचा एक आशय मला फार मोलाचा वाटतो: देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे मला कामाला लाव किंवा कामावरून बाजूला ठेव, दोन्ही मला मान्य आहे. कामाला लाव असे म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. बाजूला ठेव असे म्हणणारा पंच किंवा कमिटी सदस्य शोधायला निघालो, तर पुढचा एकतीस डिसेंबर उजाडेल.

अमेरिकेत ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्या अशाच जाग्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात यायचा होता. तेथे लोक आपापल्या वैयक्तिक दोषांपुरते जमले नव्हते. एका संपूर्ण समाजाच्या भवितव्यासाठी जागत होते. आणि आपल्या देशापुरते बोलायचे, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जगभर जो प्रार्थना सप्ताह पाळला जातो, त्याचे आवाहन लंडनहून किंवा न्यूयॉर्कहून निघालेले नाही. ते लुधियानातील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८५८ साली केले आणि जानेवारी १८६० मध्ये अनेक देशांतील मंडळ्यांनी ते उचलून धरले. कोल्हापूर मिशन पुढे ज्या बोर्डाच्या छत्राखाली आले, त्याच बोर्डाचे ते मिशन होते. आमच्या तरुण संघातील मुलांना हे सांगितले की ती चकित होतात. प्रार्थना सप्ताह ही आपल्याकडे बाहेरून आलेली आणखी एक गोष्ट असेल असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

या सगळ्या उदाहरणांत ‘आम्ही’ आहे. आमच्या आजच्या उपासनेत मात्र ‘मी’ उरला आहे. साक्षी ऐकाव्यात तर मुलाला पुण्यात नोकरी लागली, मुलीचे लग्न ठरले, घराचे कर्ज मंजूर झाले, शिरोली नाक्यावरच्या अपघातातून थोडक्यात बचावलो, ऑपरेशन यशस्वी झाले. या कृतज्ञतेला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ज्या घरात खरोखर मरणाची सावली येऊन गेली, त्या घरच्या बाईने उभे राहून दोन वाक्ये बोलावीत आणि अख्ख्या चर्चने डोळे पुसावेत, असेही होते. परंतु मंडळीच्या वतीने कुणीच साक्ष देत नाही. या वर्षी आपण मंडळी म्हणून काय केले, काय करायचे टाळले, कुणाला दुखावले, हे सांगणारा आवाज त्या रात्री उठत नाही. पापांगीकाराची छापील प्रार्थना अनेकवचनी आहे खरी. पण म्हणताना प्रत्येक जण ती स्वतःपुरतीच म्हणतो.

पवित्र शास्त्रात या बाबतीत संदिग्धता नाही. यरुशलेमेची पुन्हा उभारणी करणाऱ्या नहेम्याच्या नावाने जे पुस्तक आहे, त्याच्या नवव्या अध्यायात तेथील लोक गोणपाट नेसून, डोक्यात धूळ घालून उभे राहतात आणि स्वतःच्याच नव्हे, तर वाडवडिलांच्याही पापांचा अंगीकार करतात. पुढचा दहावा अध्याय मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे रडणे संपून लिहिणे सुरू होते. करार लेखी होतो, त्यावर मोहोर करणाऱ्यांची नावे एकापाठोपाठ येतात आणि कलमे अगदी व्यवहाराची आहेत: शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी विक्रीस आलेला माल घ्यायचा नाही, सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचे, मंदिराच्या सेवेसाठी दरवर्षी शेकेल या चलनाचा तिसरा हिस्सा द्यायचा, वेदीसाठी लाकूड कोणत्या घराण्याने केव्हा आणायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. त्यापूर्वी पाचव्या अध्यायात गरिबांनी आपली शेते आणि मुले आपल्याच श्रीमंत भाऊबंदांकडे गहाण पडल्याची तक्रार केलेली आहे, आणि नहेम्याने त्या श्रीमंतांना सर्वांसमक्ष जाब विचारला आहे. आत्मिक नूतनीकरण आणि कर्जमाफी यांच्यात त्या माणसाने भिंत घातली नव्हती.

बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांतील सात पत्रे तर थेट मंडळ्यांना आहेत. इफिसच्या मंडळीने आपली पहिली प्रीती सोडली, सार्दीसची मंडळी नावाला जिवंत आणि प्रत्यक्षात मेलेली, लावदिकीयाची कोमट आणि श्रीमंतीच्या भ्रमात. दोष मंडळीला लावला आहे आणि पश्चात्तापही मंडळीकडूनच मागितला आहे. वर्षअखेरीस हमखास सांगितला जाणारा लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखलाही असाच आहे. तीन वर्षे फळ न आलेले झाड तोडून टाक असे मालक म्हणतो आणि माळी आणखी एक वर्षाची मुदत मागून घेतो. या दाखल्यावरचे उपदेश मी लहानपणापासून ऐकत आलो. ते सगळे ‘तुझ्या जीवनात फळ आहे का’ या प्रश्नावर येऊन थांबतात. वस्तुतः त्या दाखल्याच्या आधी येशू बुरूज कोसळून मेलेल्या अठरा माणसांविषयी बोलतो आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना मिळून सांगतो की तुम्ही पश्चात्ताप केला नाही, तर तुमचीही तीच गत होईल. शिवाय माळी नुसती मुदत मागत नाही; मी सभोवार खणीन आणि खत घालीन असे म्हणतो. ऊस आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या जिल्ह्यात खणणे आणि खत घालणे याला किती राबावे लागते, हे उपदेशकाने समजावून सांगावे लागू नये.

मग कोल्हापूरच्या मंडळ्यांनी खणायचे कुठे? मला पहिली जागा दिसते ती पैशाची आणि मालमत्तेची. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी, बंगले, शाळा आणि दवाखाने हे महाराष्ट्रात ठिकठिकाणी मंडळ्यांच्या भांडणाचे मूळ झाले आहे, हे सांगायला आता कुणा गुप्तहेराची गरज नाही. न्यायालयांत आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे वाद पडून आहेत. अशा वेळी करिंथकरांच्या पहिल्या पत्रातील सहावा अध्याय पुढे केला जातो, कारण तेथे पौलाने विश्वासी भावांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये असे म्हटले आहे. वचन खरे आहे. पण ते बहुधा ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत त्यांच्याच तोंडी ऐकू येते. हिशेब मागणाऱ्याला मंडळीत उत्तर मिळाले असते, तर तो न्यायालयाची पायरी चढला नसता. ज्या जिल्ह्यात दूध संस्थेच्या आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद ताळेबंदाची प्रत हातात घेऊन ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’च्या घोषणांनी मंडप दणाणून सोडतात, तेथील मंडळीच्या सभासदाला आपल्या चर्चचा जमाखर्च विचारताना संकोच वाटावा आणि विचारलाच तर त्याच्या विश्वासाविषयी शंका घेतली जावी, हे विपरीत आहे. अर्पणाच्या पिशवीत पैसे टाकणारी मोलकरीण आणि पेन्शनीत दिवस काढणारा शिक्षक, दोघांनाही तो अधिकार आहे.

हा हिशेब केवळ आमच्यापुरताही नाही, आणि हे पत्र आपल्याकडे पाठवण्याचे कारण हेच. आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल, एस्तेर पॅटन हायस्कूल, मेरी वान्लेस हॉस्पिटल ही नावे कोल्हापूरकरांना नवी नाहीत. या संस्थांत शिकलेल्या आणि उपचार घेतलेल्या माणसांत ख्रिस्ती थोडे आणि इतर समाजांतले लोक कितीतरी अधिक आहेत. तिकडे मिरजेला डॉ. विल्यम वान्लेस यांच्या दवाखान्यात संस्थानिकांपासून शेतमजुरापर्यंत सगळ्यांनी बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहिलेली आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याच्या लोकसंख्येत एक टक्काही न भरणाऱ्या समाजाला या शहरात जे नाव मिळाले, ते या सेवेमुळे. तेव्हा मंडळी आपल्या ठेव्याची काळजी कशी घेते हे जाणण्याचा काही हक्क शहरालाही आहे असे मला वाटते.

दुसरी जागा खणायला अधिक कठीण आहे, कारण ती आम्ही सिमेंट ओतून बुजवली आहे. आमच्यापैकी अनेक कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत; शिखांना त्या १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाल्या. हा अन्याय दूर व्हावा या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण निवेदन देताना धर्म बदलला तरी जात सुटत नाही असे आपण सरकारला सांगतो, आणि मंडळीत कुणी विषय काढला की आमच्यात जात नाही असे ठणकावतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. स्थळे पाहताना, कमिटीच्या निवडणुकीत मते मागताना, अगदी कोणत्या आडनावाचे लोक कोणत्या बाकांवर बसतात येथपर्यंत, पहिले विधान खरे असल्याचा पुरावा डोळ्यांपुढे असतो. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि ज्या जिल्ह्यात माणगाव येथे मार्च १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेथील मंडळीला याविषयी अजाण असल्याचे सोंग घेता येणार नाही. ख्रिस्तात यहूदी नाही व हेल्लेणी (ग्रीक) नाही हे वचन आम्हाला पाठ आहे. वर्षअखेरच्या रात्री, यंदा आपण या वचनाविरुद्ध कोणकोणत्या प्रसंगी वागलो, हे एकदा तरी सर्वांनी मिळून कबूल करावे.

तिसरी गोष्ट मंडळीतील अबोल्याची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जा असे सांगितले आहे. आमच्याकडे दोन भाऊ वाटणीवरून बोलेनासे होतात, दोन कुटुंबे जुन्या निवडणुकीवरून एकमेकांच्या घरच्या मर्तिकालाही जात नाहीत, आणि १ जानेवारीच्या सकाळी ते सगळे एकाच मेजाशी येऊन भाकर आणि द्राक्षरस घेतात. पूर्वी काही पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात अशा घरांना मुद्दाम भेटी देत. आता पाळकांमागे बैठका आणि कागदपत्रे इतकी लागली आहेत, की घरभेटी आजाऱ्यांपुरत्या राहिल्या. तरुण मुले मंडळीपासून दूर का जातात याची कारणे आम्ही मोबाईलमध्ये आणि इंग्रजी गाण्यांत शोधतो. त्यांच्याशी बोलताना मला तरी प्रत्येक वेळी या अबोल्याचाच उल्लेख ऐकायला मिळतो.

मंडळी एकदिलाने वागू शकते याचा पुरावा नाही असे नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा इतर तालमी-मंडळांप्रमाणे ख्रिस्ती तरुणही अन्नाची पाकिटे आणि पिण्याचे पाणी घेऊन फिरत होते आणि तेव्हा कोण कोणत्या गटाचे हे कुणी विचारले नाही. संकटात जमते ते शांततेच्या वर्षी का जमू नये, हा प्रश्न वर्षअखेरीला विचारण्यासारखाच आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. घरची धुणी चव्हाट्यावर का धुता, हा पहिला. आणि देशात ठिकठिकाणी ख्रिस्ती समाजाकडे संशयाने पाहिले जात असताना आपणच आपले दोष सांगितले, तर टीकाकारांच्या हाती कोलीत मिळेल, हा दुसरा. दुसरा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रार्थनासभांवर आक्षेप घेतले जातात, शेजारच्या गावातून कुणी येऊन नावे विचारतो, हे अनुभव आमच्या खेड्यांतील विश्वासी सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात भीती असते. तरीही मला वाटते की दोष झाकून ठेवण्याने आजवर कुणाचे संरक्षण झालेले नाही. आमच्याविषयी बाहेर जे खोटे बोलले जाते त्याला उत्तर देण्याचे नैतिक बळ आतले खरे कबूल करण्यातूनच येते. आणि जमिनींचे वाद न्यायालयात गेल्यावर झाकलेले उरतेच काय? तारखांच्या बातम्या तर आपल्यासारख्या वृत्तपत्रांतच छापून येतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या वर्षअखेरच्या उपासनेत वैयक्तिक साक्षींच्या आधी मंडळीची साक्ष असावी. ती पाळकांनी एकट्याने तयार करू नये. महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूलचे शिक्षक आणि कमिटीत कधीच नसलेले दोन-तीन सभासद यांनी मिळून ती नोव्हेंबरात लिहावी, म्हणजे आगमनकाळात तिच्यावर विचार होईल. तीत वर्षाचा जमाखर्च सगळ्यांना कळेल अशा मराठीत असावा, मालमत्तेविषयीचे वाद कोठवर आले आहेत हे असावे, कुणाकुणाच्या घरी वर्षभर कुणी गेले नाही हे नावे न घेता असावे आणि पुढच्या वर्षी मंडळी म्हणून करायच्या गोष्टी मोजक्या असाव्यात, नहेम्याच्या कलमांइतक्या रोखठोक. ती ऐकून झाल्यावर सर्वांनी उभे राहून संमती द्यावी आणि कागद फलकावर लावावा. हंगामाच्या सणाच्या वेळी, पोती आणि फळे अर्पण करण्यापूर्वी, त्यांतले काय झाले आणि काय नाही हे पुन्हा वाचले जावे. यासाठी घटनेत बदल नको, वरिष्ठांची परवानगी नको आणि खर्चही नाही.

या वर्षापुरते बोलायचे, तर पहिला रविवार टळला असला तरी भस्म बुधवारला, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाला, अवकाश आहे. उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, निदान जमाखर्च वाचून दाखवण्यापासून आरंभ करता येईल. तशी लेखी विनंती मी आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीकडे दिली असून तिची पोच घेतली आहे. शहरातील आणि तालुक्यांतील इतर मंडळ्यांच्या सभासदांनीही आपापल्या कमिटीकडे असा अर्ज द्यावा, आणि द्यायला जाताना शक्यतो एकट्याने जाऊ नये.

आपला,
एक मंडळी सदस्य व नियमित वाचक,
कोल्हापूर